आता तुमी सांगा

करुणा खिल्लारे मॅडमच्या तोंडून त्या दुपारी भलतंच वाक्य गेलं आणि वर्गातल्या एकाही पोरीला ते भलतं वाटलं नाही, तिथून सगळ्या घोळाला सुरुवात झाली.

विषय होता मधुमेह. हिंगोलीच्या त्या नर्सिंग कॉलेजात जेवणानंतरचा तास म्हणजे शिकवणाऱ्याची सत्त्वपरीक्षा. डोळे उघडे ठेवून झोपण्याची विद्या पोरींनी पहिल्याच वर्षी आत्मसात केलेली असते. मॅडमना म्हणायचं होतं की इन्सुलिन बर्फात ठेवायचं नाही. पण शेवटचा शब्द वाटेतच कुठंतरी सांडला आणि बाहेर पडलं ते असं: "इन्सुलिन बर्फात ठेवायचं, समजलं का?"

"हो मॅडम," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

'समजलं का' हे मॅडमचं पालुपद होतं. वाक्य संपलं की ते आपोआप यायचं आणि त्याच्यामागं तितक्याच आपोआप 'हो मॅडम' यायचं. पोरी आपल्याला पाठीमागं 'समजलंका मॅडम' म्हणतात हे त्यांना माहीत होतं आणि त्याचं त्यांना फारसं वाईटही वाटत नव्हतं. पण त्या संध्याकाळी भाकरी थापताना त्यांना आपलं वाक्य आठवलं आणि तव्यावरची भाकरी करपली. दुसऱ्या दिवशी वर्गात पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी पहिल्या बाकावरच्या सिमरनला उभं केलं आणि इन्सुलिन कुठं ठेवायचं ते विचारलं.

"बर्फात, मॅडम," सिमरन म्हणाली. एरवी उभं केलं की या पोरीची दातखीळ बसायची, पण हे उत्तर तिनं छातीठोकपणे दिलं.

"असं कोण म्हणालं?"

"तुम्हीच, मॅडम."

करुणा मॅडम खुर्चीत बसल्या. त्यांना आपल्या वॉर्डाचे दिवस आठवले. शिकवायला लागण्याआधी त्यांनी बरीच वर्षं दवाखान्यात काढली होती. घरी जाणाऱ्या पेशंटला त्या सगळं समजावून सांगायच्या, गोळ्या कधी घ्यायच्या, पायाला कसं जपायचं, आणि शेवटी विचारायच्या, समजलं का. पेशंट म्हणायचा 'व्हय'. आपल्या भागातला 'व्हय' हा मोठा फसवा शब्द आहे. त्याचा अर्थ 'समजलं' असा होत नाही. 'तुम्ही बोला, मी ऐकून राहिलो' एवढाच त्याचा अर्थ, आणि कधी कधी 'आता सोडा, एसटी निघून जाईल' असाही होतो. असेच एक गृहस्थ सगळ्याला 'व्हय' म्हणून घरी गेले आणि महिनाभरात पायाचा अंगठा काढायला परत आले. करुणा मॅडमनी वॉर्ड सोडून शिकवणं धरलं ते त्या अंगठ्यापायी. आपण एकट्या कितीजणांना सांगणार, पण सांगणाऱ्या पोरी तयार केल्या तर गावोगाव पोचेल, असा त्यांचा हिशेब होता. आणि आता त्यांच्या पोरी इन्सुलिन बर्फात ठेवायला निघाल्या होत्या.

याच सुमारास नांदेडला नर्सबायांचं एक शिबिर निघालं. नोंदणी चालू ठेवायची तर नर्सला अधूनमधून अशा शिबिरांना बसून नवं शिकावं लागतं. बहुतेकजणी प्रमाणपत्रासाठी जातात, सकाळी मागच्या रांगेत जागा धरतात आणि दुपारच्या जेवणात गुलाबजाम आहे की जिलबी याची आगाऊ चौकशी करतात. करुणा मॅडम मात्र पुढं बसल्या आणि ऐकलं. तिथल्या बाईंनी एक साधी गोष्ट सांगितली. पेशंटला 'समजलं का' असं कधीही विचारू नका. त्याऐवजी म्हणा, मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय, आता तुम्ही मला सांगा, मी काय सांगितलं. त्यानं चुकीचं सांगितलं तर चूक तुमची, पुन्हा सांगा. करुणा मॅडमना वाटलं, ही बाई आपल्याशीच बोलतेय. जेवणात जिलबी होती की काय होतं, हे त्यांना नंतर सांगता आलं नाही.

प्राचार्य विजयकुमार सरांना मात्र ही पद्धत ऐकूनच कसंसं झालं. त्यांचा शिस्तीवर फार जीव. व्हरांड्यातून जाताना वर्गातून 'हो मॅडम' असा एकमुखी आवाज आला की त्यांना शिक्षण चालू असल्याची खात्री पटे. "शिकवणारानंच विद्यार्थ्याला विचारायचं, मी काय शिकवलं? मग शिकवणारा कशाला?" असं ते म्हणाले. वर त्यांनी गोड आवाजात हेही सांगितलं की, संस्थेच्या दवाखान्यात अनुभवी सिस्टरची जागा रिकामी आहे आणि करुणा मॅडमचा वर्ग निकालात मागं आहे. संस्थेच्या तज्ज्ञ शकुंतलाबाई कुलकर्णी लवकरच येणार होत्या. त्या पोरींचं गावातलं काम बघतील आणि करुणा मॅडमनी शिकवायचं की पुन्हा वॉर्डात जायचं ते सांगतील. वॉर्डाचं काम वाईट नव्हतं. पण करुणा मॅडमना शिकवायचं होतं, आणि आता तेच हातातून जायची वेळ आली होती.

त्यांनी वर्गात 'समजलं का'वर बंदी घातली, स्वतःसकट. पोरींकडून नवं वाक्य घोटवून घेतलं आणि सगळ्यांना जीपमध्ये कोंबून कुरुंद्याला नेलं.

कुरुंद्यात तेव्हा हळदीचे दिवस होते. शिजवलेली हळद अंगणाअंगणात वाळत पडली होती आणि गावातल्या बायकांचे हातपाय पिवळेधमक झाले होते. एका पोरीनं पहिल्याच घरी तीन काविळी शोधून काढल्या, तिला मॅडमनी हळूच बाजूला घेतलं. मग घरं वाटून दिली. ज्यांना शुगर आहे त्यांना पायांची काळजी कशी घ्यायची ते समजावून सांगायचं आणि त्यांच्याकडून परत वदवून घ्यायचं. सिमरनच्या वाट्याला आल्या सोजराबाई.

सोजराबाई साठी उलटलेल्या, एकट्या राहणाऱ्या, उन्हातान्हात हळद निवडणाऱ्या. शुगर होती, पण तिच्याशी त्यांचं बोलणं बंद होतं. गोळ्या आठवल्या तर घेत. स्वतःच्या तब्येतीबद्दल कोणी विचारलं तर त्यांना ते चांगलं लक्षण वाटत नसे. सिमरननं मान खाली घालून सगळं सांगितलं. रोज पाय बघायचे, तळवा दिसत नसेल तर आरसा धरायचा, बोटांच्या बेचक्यात बघायचं, अनवाणी चालायचं नाही, पाय गरम पाण्यात घालण्याआधी पाण्यात कोपर बुडवून बघायचं. सोजराबाई प्रत्येक वाक्याला 'व्हय' म्हणत हळद निवडत राहिल्या. शेवटी सिमरननं श्वास घेतला.

"आजी, मी बराबर सांगितलं की नाही ते मला बघायचंय. आता तुमी सांगा, मी काय सांगितलं?"

सोजराबाईंचे हात थांबले. त्यांनी पोरीकडं नीट बघितलं. कपाळाला घाम, हाताला कापरं.

"इसरलीस का गं, लेकरा?"

सिमरननं नाही म्हणून मान हलवली. मला येतं, पण तुम्ही सांगायचं असतं, असं ती म्हणाली. म्हणताना बिचारी अडखळली आणि तिथंच सोजराबाईंची खात्री पटली.

"ऱ्हाऊ दे माय," त्या म्हणाल्या. "येवढं कोनाच्या ध्यानात ऱ्हाईल? च्या पी आधी."

चहा पिऊन सिमरन मॅडमपुढं आली. आजींनी काय परत सांगितलं, असं मॅडमनी विचारलं. चहा दिला, असं सिमरननं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, परत जा आणि त्यांच्याकडून ऐकून ये. सिमरन डोळे पुसत उलट्या पावली निघाली. हे सगळं समोरच्या किराणा दुकानातून फारुकभाई बघत होते, आणि फारुकभाईंनी बघितलेली गोष्ट गावानं बघितल्यासारखीच असते.

दिवस मावळेपर्यंत गावानं दोन नि दोन चार केले. पोरींना अभ्यास पाठ होत नाही. त्यामुळं त्या आपल्यालाच विचारत फिरतात. आपण उत्तर दिलं तर मॅडम त्यांना जेवायला सोडतात, नाही दिलं तर रडत परत पाठवतात. म्हणजे या लेकरांचे मार्क आपल्या हातात आहेत. कुरुंद्याचा माणूस स्वतःच्या दुखण्याला भीक घालत नाही. पण परक्याची पोरगी आपल्यामुळं नापास झाली, हे त्याला सहन होण्यासारखं नव्हतं.

सोजराबाईंनी कंबर कसली. दुसऱ्या आठवड्यात सिमरन आली तेव्हा त्यांनी तिला बाजेवर बसवलं आणि सगळा धडा पुन्हा म्हणायला लावला, एकदा नाही, चारदा. हळदीच्या ढिगाभोवती बसलेल्या बायकाही ऐकत होत्या. पोरीच्या पाठीमागं त्यांनी तो आपापसात घोटला. एकीनं 'बेचक्यात' म्हटलं की दुसरी 'आरसा' म्हणायची. एखादीला आलं नाही तर सोजराबाई म्हणत, "तुज्यापायी त्या सिमरनचं साल वाया जाईल," आणि ती बाई ओशाळून पुन्हा म्हणे. नुसतं पाठ करून ध्यानात राहत नाही, म्हणून सोजराबाई रोज सकाळी खरोखरच आरसा घेऊन उंबऱ्यावर बसायला लागल्या. पाय धुवायचे, आरसा धरायचा, बोटं फाकवायची आणि तोंडानं म्हणत जायचं. शाळेतली पोरं पाढे म्हणतात तसं.

फारुकभाईंना स्वतःला शुगर होती. त्यांनी दुकानासमोर अनवाणी येणाऱ्याला सामान द्यायचं बंद केलं. देविदास नावाच्या एका गड्याच्या डोक्यात मात्र धडा जरा वेगळा शिरला. गरम काहीही असो, आधी कोपर बुडवायचं, असं त्यानं धरलं आणि हॉटेलात बसून बशीतल्या चहात कोपर बुडवून बघायला लागला. हॉटेलवाल्यानं दोन दिवस कळ काढली, मग त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं.

इथवर सगळं गावातल्या गावात होतं. पण फारुकभाई विचारी माणूस. त्यांना वाटलं, आपण आपल्या परीनं करतोय, पण कॉलेजवाल्यांनीही थोडं लक्ष घातलं पाहिजे. कॉलेजच्या जीपच्या पाठीवर कॉलेजचा फोन नंबर होता. त्यांनी विजयकुमार सरांना फोन लावला आणि अत्यंत अदबीनं सांगितलं की, साहेब, तुमच्या पोरी गुणाच्या आहेत, नजर खाली ठेवतात, पण त्यांना सबक याद राहत नाही. आमी घेऊन राहिलो त्यांचा अभ्यास, तुमी काळजी करू नका, फक्त मॅडमला जरा सबुरीनं घ्यायला सांगा.

सरांनी फोन ठेवला तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. करुणा मॅडमना त्यांनी उभं करूनच विचारलं की, हे कॉलेज आता कुरुंद्याच्या किराणा दुकानातून चालणार आहे का. शकुंतलाबाई परवा येताहेत, त्यांना थेट कुरुंद्यालाच नेऊ, म्हणजे त्यांना सगळं डोळ्यांनी दिसेल, असंही ते म्हणाले. रिकाम्या जागेचा विषय त्यांनी काढला नाही. आता त्याची गरजच उरली नव्हती.

करुणा मॅडमनी दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि एकट्याच कुरुंद्याला गेल्या. सोजराबाईंच्या ओट्यावर बसून त्यांनी त्यांना जीव तोडून सांगितलं. आजी, पोरींना सगळं येतं. त्या विसरत नाहीत. त्यांना तुमच्याकडून शिकायचं नाही, तुम्हाला शिकवायचंय. तुम्ही पाठांतर करू नका, आणि उद्या मोठ्या बाई येतील तेव्हा पोरींना मदत तर मुळीच करू नका. सोजराबाई मायेनं ऐकत होत्या. आपल्या पोरींची लाज राखायला ही बाई हिंगोलीहून उन्हात आली, याचं त्यांना फार कौतुक वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांनाही कळत होतं.

"व्हय," त्या म्हणाल्या.

"समजलं ना आजी?" मॅडम म्हणाल्या.

"व्हय व्हय."

करुणा मॅडम समाधानानं उठल्या. परतीची भाड्याची जीप हिंगोलीच्या रस्त्याला लागल्यावर त्यांना आपण काय विचारलं आणि काय उत्तर आलं ते उमगलं. त्यांनी कपाळावर हात मारला. पण मागं फिरायला आता उशीर झाला होता.

शकुंतलाबाई आल्या त्या दिवशी कुरुंदा एखाद्या लग्नघरासारखं दिसत होतं. झाडून सगळ्यांच्या पायात चपला. पाय धुतलेले. सोजराबाईंच्या अंगणात बाया एका बाजूला, गडी एका बाजूला, आणि देविदासला कोणीतरी मुद्दाम मागं उभं केलेलं. शकुंतलाबाई ठेंगण्या, करारी, पांढऱ्या केसांच्या. त्यांनी भोवती बघितलं आणि एवढी माणसं कशाला जमलीत असं विचारलं. विजयकुमार सरांनी 'दिसेल आता' अशा अर्थाचा सुस्कारा सोडला.

सिमरन सोजराबाईंसमोर बसली. बोलायला लागली. आरशापर्यंत ठीक गेलं. मग तिनं वर बघितलं, शकुंतलाबाईंचा चष्मा दिसला आणि तिची दातखीळ बसली.

"बेचक्यात," मागून देविदास कुजबुजला.

"बोटाच्या बेचक्यात," बाया पुटपुटल्या.

"अनवानी न्हाई," गडी म्हणाले. मग कुजबुज राहिलीच नाही. सगळं गाव मोकळ्या आवाजात धडा म्हणायला लागलं, कोपरापर्यंत आलं, आणि देविदासनं शेवटी चहाचंही जोडून दिलं. सिमरननं पदराआड तोंड लपवावं तशी ओढणी तोंडावर घेतली.

शकुंतलाबाईंनी हात वर केला. सगळे थांबले. "परीक्षा कुणाची चाललीय इथं?" त्यांनी विचारलं.

"पोरीची," फारुकभाई म्हणाले. "पन आमी हावोत ना, मॅडम. तिला कमी पडू देत न्हाई."

आणि तुम्हाला हे कुणी शिकवलं, असं बाईंनी सोजराबाईंना विचारलं. सोजराबाईंनी अभिमानानं मान ताठ केली.

"आमाला कोन शिकवल? आमीच शिकवून राहिलो या लेकरायला."

विजयकुमार सरांनी करुणा मॅडमकडं बघितलं. करुणा मॅडमनी जमिनीकडं बघितलं. त्यांना वॉर्डाचा तो लांब व्हरांडा दिसायला लागला. पण खोटं बोलणं त्यांच्या जिवावर आलं. त्या पुढं झाल्या आणि म्हणाल्या की, आजी म्हणतात ते खरं आहे. मी पोरींना एक पद्धत दिली, गावानं तिचा भलताच अर्थ घेतला, आणि मला तो दुरुस्त करता आला नाही. पोरींचा दोष नाही, गावाचा तर नाहीच.

शकुंतलाबाईंचा चेहरा वाचणं अवघड होतं. "ही झाली पोपटपंची," त्या अखेर म्हणाल्या. "पोपटाला पाय असतात, पण तो ते बघत नाही. आजी, तोंडानं नको. करून दाखवा."

सोजराबाईंना त्यात काय अवघड तेच कळेना. त्यांनी भिंतीच्या खुंटीवरचा आरसा काढला, उंबऱ्यावर बसल्या, उजवा पाय मांडीवर घेतला. तो झाल्यावर डावा. आरसा तळव्याखाली धरला, तिरका केला, उजेडाकडं वळवला. पाय हळदीनं पिवळा, त्यात काही दिसणं मुश्कील. पण त्यांचं बोट न चुकता करंगळीच्या बाजूला गेलं.

"हे येवढं सोडलं तर बाकी बराबर हाय," त्या म्हणाल्या.

शकुंतलाबाई वाकल्या. डाव्या करंगळीखाली पाण्यानं भरलेला एक फोड होता, हरभऱ्याएवढा. हे कधी झालं, असं त्यांनी विचारलं.

"परवा न्हवतं. काल सकाळी लाल होतं. आज पानी धरलंय. नवी चप्पल हाय न्हवं, ती चावली."

"दुखत नाही?"

"न्हाई. दुखलं असतं त आधीच कळलं नसतं का? हे आरशातच दिसलं."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"आज पोरीची परीक्षा," सोजराबाई म्हणाल्या. "तिच्या घाईत आपल्या पायाचं काय घेऊन बसायचं. म्हनलं उद्या सांगू."

शकुंतलाबाईंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसला, बराच वेळ पुसला. मग त्या विजयकुमार सरांकडं वळून म्हणाल्या की, सर, परवा नव्हतं असं कोण म्हणू शकतं सांगा. ज्यानं परवा बघितलंय तोच. इतकी वर्षं मी पेशंटना पाय बघा म्हणून सांगतेय, परवाचा पाय सांगणारी बाई मला आज भेटली. सरांनी यावर 'हो मॅडम' म्हटलं. ते अगदी आपोआप आलं.

या सगळ्यात सिमरनकडं सगळ्यांचं दुर्लक्ष झालं होतं, आणि तेच तिच्या पथ्यावर पडलं. फोड दिसला तशी ती पोरगी परीक्षा, चष्मा, गाव सगळं विसरली. तिनं आपली पेटी ओढली, गुडघे टेकून बसली, हात स्वच्छ केले, सलाइनच्या पाण्यानं तो भाग पुसला, कोरडी पट्टी हलक्या हातानं बांधली. आणि बांधता बांधता बोलत होती, एकदाही न अडखळता. फोड फोडायचा नाही. पट्टी ओली करायची नाही. ही चप्पल आता घालायची नाही, मऊ दुसरी घालायची. आणि उद्या सकाळी वसमतच्या दवाखान्यात डॉक्टरांना दाखवायचं, हळद वाळेपर्यंत थांबायचं नाही. सांगून झाल्यावर तिनं वर बघितलं, पण शकुंतलाबाईंकडं नाही, सोजराबाईंकडं.

"आजी, मी बराबर सांगितलं का बघू द्या. आता तुमी सांगा."

हे नवं होतं. हे कोणी पाठ केलेलं नव्हतं. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. देविदासनं तोंड उघडलं आणि मिटलं. सोजराबाईंनी सिमरनकडं नीट बघितलं. कपाळाला घाम नव्हता, हाताला कापरं नव्हतं. पोरगी विसरलेली नव्हती. ती खरंच आपल्यासाठी विचारून राहिली, हे त्यांना पहिल्यांदाच दिसलं, आणि त्या जरा गडबडल्या. आपल्या पायासाठी कोणी इतकं थांबावं याची त्यांना सवय नव्हती.

"फोडायचं न्हाई," त्या सावकाश म्हणाल्या. "भिजवायचं न्हाई. ही मेली चप्पल फेकून द्यायची. आन् उद्या सकाळच्या गाडीनं वसमतला. हळद पडू दे पडायची तर." जरा थांबून त्यांनी विचारलं, "इतकंच सांगितलंस ना?"

"इतकंच," सिमरन म्हणाली आणि रडायला लागली. या वेळी तिला कोणी परत पाठवलेलं नव्हतं, तरी.

फारुकभाईंनी उद्या आपण स्वतः मोटारसायकलवर दवाखान्यात नेऊ म्हणून जाहीर केलं. सोजराबाईंचं तिकडं लक्षच नव्हतं. त्यांनी शकुंतलाबाईंचा पदर धरला. पायाबद्दल त्यांना काहीच विचारायचं नव्हतं.

"बाई, खरं सांगा. पास झाली ना आमची पोरगी?"

"झाली," शकुंतलाबाई म्हणाल्या. "आणि तिची मॅडमही झाली. सर, वॉर्डासाठी दुसरी सिस्टर शोधा. या बाईंना वर्गातून हलवायचं नाही. उलट आपल्या दवाखान्यातल्या सगळ्या सिस्टरांना मी त्यांच्याकडं शिकायला पाठवणार आहे."

करुणा मॅडमना काही बोलायचं होतं. शकुंतलाबाईंचे आभार मानायचे होते, सिमरनच्या पाठीवर हात ठेवायचा होता, गावाला सांगायचं होतं की तुम्ही माझ्या पोरींवर दया केलीत म्हणून मी आज उभी आहे. पण आयुष्यभर वाक्यामागून वाक्य बोलत आलेल्या त्या बाईला एक शब्द सापडेना. ज्या म्हातारीनं स्वतःसाठी कधी आरसा धरला नाही, तिनं एका परक्या पोरीसाठी रोज सकाळी तो धरला. याला काय म्हणायचं, ते नांदेडच्या शिबिरात कोणी शिकवलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. त्या उंबऱ्यापाशी वाकल्या आणि सोजराबाईंच्या उजव्या, पिवळ्या, खरबरीत पायावर त्यांनी डोकं ठेवलं.

सोजराबाईंनी त्यांच्या पाठीवर थोपटलं.

"ह्या पायात काही न्हाई, माय," त्या समजूत घालत म्हणाल्या. "तो मी सकाळीच बघितला."